वाकड्या भिंतीवरची ओळ

४ जानेवारी

भावजयबाई,

पत्रास कारण तूच.

तुमच्याकडून घरी पोचले. सुखरूप पोचले असं लिहायची पद्धत आहे, पण मी त्याहून बरी पोचले. उजव्या हाताच्या मुंग्या गेल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कित्येक महिने माझी नव्हतीच, कुणाकडून उसनी आणल्यासारखी नुसती लटकत होती. काल बारीक ब्रश धरला आणि बोटांना ब्रशचा दांडा कळला. खुर्चीत बसून थोडी रडले. हे माझ्या भावाला वाचून दाखवू नकोस.

तुझ्या कामाची थट्टा केली ती मात्र मागे घेत नाही. माणसाला कपड्यांसकट टेबलावर आडवं करायचं आणि बाजारात भोपळा उचलून बघावा तसं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून नुसतं बसून राहायचं, याला काम म्हणतात हे मला अजून पटलेलं नाही. वर आणखी "वन्सं, काही करू नका" म्हणायचं! मी जन्मात कधी काही न करता पडलेली नाही, तेच सगळ्यात जड गेलं. मग तू एखादी बरगडी हळूच हलवायचीस आणि माझा पाय जागा व्हायचा. बटण एका खोलीत आणि दिवा दुसऱ्या खोलीत, असली तुझी वायरिंग. इथे विचारलं तर मी मालिश म्हणूनच सांगते. रागावलीस तर रागाव. आणि मी टेबलावर घोरले हे साफ खोटं आहे.

सगळे म्हणतात मी उंच झाले. खालच्या मजल्यावरची शिंपीण तर जिन्यातच थांबली. "अगंबाई, मान सरळ झाली की तुमची!" शिडीवर उभं राहून डाव्या हाताने शिडी धरायची, उजव्या हातात ब्रश, आणि आपल्याच हाताआडची ओळ दिसावी म्हणून डोकं डावीकडे काढायचं. सगळी उमर असं केलं, मग मान तिकडेच राहायला गेली. आता ती घरी परतली आहे.

आता मुद्द्याचं. मोठ्या रस्त्यावरच्या लाँड्रीची भिंत मला मिळते आहे. मालक फ्लेक्स लावायच्या बेतात होता, त्याला मी बोलून बोलून दमवलं. हाताने पाट्या रंगवणारी इथे मी एकटी उरले आहे. ही भिंत चांगली झाली तर त्या रस्त्यावरची आणखी दुकानं येतील. नाही झाली, तर तुझ्या नवऱ्याचं म्हणणं खरं होईल. सामान आवरायचं, तुमच्याकडे यायचं आणि खिडकीत बसायचं. मला खिडक्या रंगवायला आवडतात गं, त्यांच्यात बसायला नाही.

हात साफ करायला म्हणून आधी शिंपिणीची पाटी घेतली आहे.

तुझी नणंद

११ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

घोरलात. भिंतीपलीकडे ऐकू गेलं.

तुमचं पत्र वाचून दिवसभर खुशीत होते. तुम्ही हातासाठी आलात, पण हात काही हवेत लटकत नाही. तो खांद्याला, खांदा बरगड्यांवर, बरगड्या कण्याला, आणि कण्याचा सगळा भार कमरेतून पायांत. तुमच्या डाव्या बरगड्या कुलूप घातल्यासारख्या होत्या. त्या सोडल्याशिवाय बोटांच्या मुंग्या जाणार नव्हत्या. आणि शेवटच्या दिवशी मान सुटली ना, तेव्हा तुमच्यापेक्षा मलाच हायसं वाटलं. खरं सांगू? आमच्या लग्नाच्या फोटोपासून ती मान माझ्या डोळ्यांत सलत होती. सगळे नातेवाईक सरळ आणि तुम्ही एकट्या कुणाचं तरी चोरून ऐकताय अशा.

रोज सकाळी जमिनीवर पाठ टेकून पडा. गुडघे वर. दोन्ही गुडघे अगदी थोडेसे एका बाजूला जाऊ द्या आणि डोकं कुठे जातंय ते बघा. जोर लावायचा नाही. तुम्हाला जोर न लावणं म्हणजे शिक्षा, ते माहीत आहे.

तुमच्या बंधुराजांचा निरोप: शिडी बंद करा. मी निरोप पोचवला, माझं काम झालं. त्यांनी मागची खोली रिकामी करून रंगवून घेतली आहे. पाहुण्यांना बरी.

तुमची भावजय

२३ जानेवारी

भावजयबाई,

तू माझं काय करून ठेवलं आहेस?

शिंपिणीची पाटी लावली. ती लांबून बघायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "छान आहे हो, पण जरा चढावर वाटते." मी म्हटलं, तुझे डोळे चढावर. मग मी स्वतः रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं. सगळी अक्षरं एकामागून एक टेकडी चढत होती. पाटी पुसली, परत केली. परत चढली. घरी येऊन जुन्या फळीवर नुसती आडवी रेघ ओढली, तीही चढली. आणि ओढताना मला ती सरळच दिसते, हे तर आणखी वाईट.

तुला हे कळणार नाही म्हणून सांगते. माझ्या हाताला कधी दोरी लागली नाही. बाकीचे पाटीवाले खडूची दोरी मारायचे, मी नुसती बघायचे आणि ओढायचे. लोक पैज लावून दोरी धरायचे माझ्या ओळीवर. माझं नाव कशावर होतं, तर या डोळ्यावर. आणि तो डोळा त्या कललेल्या मानेवर बसून शिकला होता. तू खालची बैठकच बदललीस!

मी हात दुखतो म्हणून आले होते. मान सरळ कर असं तुला कुणी सांगितलं? मी? फोटोतली मान तुझ्या डोळ्यांत सलते, तर तो फोटो काढून ठेव, माझी मान कशाला काढतेस? लोक छाती पुढे काढून सांगतात, मोडेन पण वाकणार नाही. मी वाकून राहिले म्हणून मोडले नाही. तो बाक माझा होता. मी तो मिळवला होता.

मला माझी मान परत दे. टेबलावर घालून जशी सोडवलीस तशीच बसव. येऊ का सांग.

नणंद

ता.क. पाहुण्यांची खोली म्हणे! तुमच्याकडे माझ्याशिवाय कोण पाहुणा येतो? मला सगळं कळतं.

३० जानेवारी

वन्सं,

नाही.

मी हात लावून कुणाला वाकडं करत नाही. तुम्ही या, राहा, भांडा, पण त्या टेबलावर ते होणार नाही. तुमची बोटं मेली होती. अजून वर्षभर तसंच चाललं असतं, तर ब्रश सोडा, चमचा धरता आला नसता. मान तशी ठेवून मी हात सोडवू शकले नसते. आणि शकले असते तरी केलं नसतं.

डोळा शिकेल. शरीरात डोळाच सगळ्यात उशिरा शिकतो, कारण त्याला वाटतं आपल्याला सगळं येतं. महिना-दोन महिने थांबा. तोवर दोरी मारा, ती बुडबुड्याची पाणसळ लावा, जग काही बुडत नाही.

खोलीबद्दल तुमच्या भावाशी बोला. मी तुम्हा दोघांची पोस्टमन नाही.

भावजय

१२ फेब्रुवारी

भावजयबाई,

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. दोरी मारा म्हणे! ती भिंत तू पाहिली आहेस का? एका टोकाला खचलेली, वरचं छप्पर एका बाजूला उतरलेलं, खालचा फूटपाथ उलट्या बाजूला चढलेला. एकही कड दुसरीचं ऐकत नाही. तिथे पाणसळीत बरोबर असलेली ओळ मारली, तर भिंतीवरून अक्षरं घसरताहेत असं दिसतं. माझ्या आधीच्या माणसाने तेच केलं होतं, गिऱ्हाइकं पाटी बघून हसायची. त्या भिंतीवर सरळ ओळ मोजून मिळत नाही. ती बघून, चुचकारून, सगळ्या कडांची समजूत घालून काढावी लागते. म्हणून तर मालकाने माझं ऐकलं.

तू नाही म्हणालीस, मग माझं मी केलं. उजव्या चपलेत टाचेखाली लाकडी पाचर घातली, कमरेला पट्टा आवळला, शिडीवर चढले आणि मान जुन्या जागी नेऊन बसवली. बसली की! शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं म्हणून मी हसले सुद्धा. पहिलं अक्षर उभं राहिलं, अगदी माझं. दुसरं अक्षर अर्ध्यावर आलं आणि करंगळी गेली. मग शेजारचं बोट गेलं. मग रंगाचा डबा गेला. लाल रंग, खाली मालक, त्याचे पांढरे बूट.

त्याने बूट फूटपाथवर घासले. वर बघून म्हणाला, "बाई, तुमचं वय झालं. आता फ्लेक्सच लावतो." मी म्हटलं भिंत वाकडी आहे, तिला फ्लेक्स चालणार नाही. तर रस्त्यावरच्या चार माणसांदेखत म्हणतो कसा, "नाचता येईना अंगण वाकडं!"

महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तीही उपकार केल्यासारखी. त्यानंतर फ्लेक्सवाले माप घ्यायला येतील.

आता ऐक. सरळ उभी राहिले तर ओळ चढते. वाकडी उभी राहिले तर हात मरतो. तू मला दोन्ही घरचा पाहुणा करून उपाशी ठेवलंस. तरी मी खिडकीत बसणार नाही. तुझ्या नवऱ्याने मागची खोली कुठल्या रंगाने रंगवली ते सुद्धा मला सांगू नका. डाव्या हाताने रंगवीन, तोंडात ब्रश धरून रंगवीन, पण ती भिंत मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

नणंद

१५ फेब्रुवारी

वन्सं,

रागाने लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

पाचर फेकून द्या. पट्टा पण. तुम्ही म्हणता बाक मी मिळवला होता. बरं, मिळवला होता. तो काढायच्या आधी मी विचारायला हवं होतं, हे तुमचं बरोबर आहे. पण आता तो परत आणायला मी मदत करणार नाही, हे माझं बरोबर आहे. दोन्ही राहू दे.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती, कारण तेव्हा तिचं महत्त्व मलाच कळलं नव्हतं. शेवटच्या दिवशी तुम्ही टेबलावर डोळे मिटून बडबडत होतात. (मग घोरलात.) तुम्ही कुठल्या तरी गोदामाची पाटी सांगत होतात, इतकी लांब, तितकी लांब. माझा तळहात तुमच्या उजव्या टाचेखाली होता. तुम्ही "आणि मग एक लांब ओळ ओढली" म्हणालात, आणि ती टाच माझ्या हातात दाबली गेली. तिच्यामागून कंबर आली, मग बरगड्या, मग खांदा, आणि हात उचलला गेला तो सगळ्यात शेवटी. मी काही केलं नव्हतं. तुमच्या अंगात ओळ अशी येते. टाचेतून.

वन्सं, शिडीवर टाचेला काय काम असतं? पायरी तळव्याच्या मध्यात रुतते आणि टाच हवेत. तुमच्या ओळीला मूळ जागेवरून निघताच येत नव्हतं, म्हणून बिचाऱ्या मानेने आणि डोळ्याने तिला ओढत नेलं, इतकी वर्षं. तुमचा डोळा हुशार आहे याबद्दल वादच नाही. पण तो एकटाच राबत होता.

शिडी सोडा. पायाखाली सपाट काहीतरी घ्या, ज्यावर चालता येईल. अनवाणी उभ्या राहा. भिंतीच्या बाजूने आडवं चालून बघा, आधी ब्रश न घेता, टाच दाबून. मान सरळ ठेवायची नाही आणि वाकडीही ठेवायची नाही. तिला सांगा तुला जायचं तिकडे जा. हातही लावू नका तिला.

मी तिथे असते तर हात ठेवून एका सकाळीत दाखवलं असतं. पत्रातून हात पाठवता येत नाही याचा आज जितका राग आला तितका कधी आला नव्हता.

भावजय

२ मार्च

वन्सं,

पत्र नाही. भांडायचं तर भांडा, पण लिहा. मुदत संपली. भिंतीचं काय झालं? तुमचे भाऊ रोज दाराशी जाऊन येतात आणि पोस्टमन आला का म्हणून मलाच विचारतात. मागच्या खोलीत मी माझं दुसरं टेबल नेऊन ठेवलं आहे. आता तिथे पलंग मावत नाही. त्यांना सांगितलं, जागा कामाला लागते.

भावजय

६ मार्च

भावजयबाई,

तू टेबल ठेवलंस. बरं केलंस. ते वाचून मी पत्र घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि तशीच बाजारात जाऊन आले.

आता भिंतीचं ऐक. परांची बांधून घेतली. बांधकामवाल्याकडून लोखंडी नळ्या आणि चांगल्या रुंद फळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुझ्या नवऱ्याला सांग, ताईने शिडी सोडली. खूश होईल. परांची शिडीपेक्षा उंच आहे ते सांगू नकोस.

चपला खाली काढल्या. पहिल्या दिवशी ब्रश नेलाच नाही. भिंतीकडे तोंड करून नुसती आडवी चालत होते, इकडून तिकडे, तिकडून इकडे. खाली माणसं जमली. मालक बाहेर आला, म्हणाला, "बाई, हे काय?" मी वरून म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना नाचता येईना? बघा." भिंत कुठे खचली आहे ते मला पायांत कळायला लागलं, कारण तिलाच टेकून बांधलेल्या फळ्याही तिच्याबरोबर थोड्या उतरत होत्या. डोळ्याला वाटायचं इथे वर जावं, टाच म्हणायची थांब. मी टाचेचं ऐकलं. मला मुळीच आवडलं नाही. डोळ्याने मला जन्मभर पोसलं आणि म्हातारपणी मी टाचेची बाजू घ्यायची!

दुसऱ्या दिवशी मोठा ब्रश घेतला आणि पाया ओढायला लागले, म्हणजे सगळी अक्षरं ज्यावर उभी राहतात ती खालची ओळ. पूर्वी मी ती हातभर ओढायचे, शिडी सरकवायचे, पुन्हा हातभर. या वेळी चालत ओढली. कुठे थांबलेच नाही. टाच दाबली की ब्रश पुढे, टाच दाबली की पुढे. मान काय करत होती म्हणशील तर ती सारखी फिरत होती. कधी सरळ, कधी कललेली, कधी मागे. बोटं शेवटपर्यंत माझी राहिली. वाटेत कुठेतरी मी गुणगुणत होते असं शिंपीण म्हणते. ते खोटं असेल.

अक्षरं पुरी झाली त्या दिवशी मालक पाणसळ घेऊन परांचीवर चढला. त्याला शिडीची सवय नाही, धापा टाकत होता. ओळीला पाणसळ लावली. बुडबुडा एका बाजूला गेला. त्याला केवढा आनंद झाला! म्हणाला, "बघा, वाकडी आहे. मी म्हटलं नव्हतं?"

मी त्याचा दंड धरला, खाली आणला, आणि गाड्या थांबवत रस्ता ओलांडून पलीकडच्या फूटपाथवर उभा केला. म्हटलं, आता बघा. त्याने पाहिलं. डोकं या बाजूला कललं, त्या बाजूला कललं. शेवटी पाणसळ कानाशी नेऊन हलवली आणि म्हणाला, "ही बिघडली असेल."

मी म्हटलं, "पाणसळ ठीक आहे. अंगण वाकडं आहे. आणि मला नाचता येतं."

फ्लेक्सवाल्यांना त्याने येऊ नका म्हणून कळवलं. समोरच्या चष्म्याच्या दुकानवाल्याने दोनदा रस्ता ओलांडून भिंत पाहिली आहे, अजून बोलला नाही. बोलेल. शिंपिणीची पाटीही तशीच जमिनीवर उभी राहून पुन्हा करून दिली. ती म्हणते पहिली चढणारी जास्त आवडली होती, धंदा चढेल असं वाटायचं. लोकांना काय हवं ते देवालाही कळणार नाही.

मी अजून रागावलेली आहे. तुझं पत्र खरं निघालं म्हणून राग जात नाही. मान चांगली आहे, पण ती मी मागून घेतलेली नाही, मला न विचारता मिळाली. हे तू कबूल केलंस तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की बोटं सुटल्यावर सुद्धा वाटलं नव्हतं. मोठी आहे म्हणून सांगते, टेबलावर पडलेलं माणूस निम्मं मेलेलं असतं. त्याला नको म्हणायला तोंड नसतं. पुढच्या माणसाला विचारत जा.

पाडव्याला-बिडव्याला नाही, चष्मेवाल्याचं काम संपलं की येते. परांचीवर चालून डावा गुडघा कुरकुरतो आहे. फक्त गुडघा. तू म्हणशील गुडघा काही हवेत लटकत नाही, तो कमरेला, कंबर पाठीला, आणि हळूहळू तुझे हात माझ्या डोक्यापर्यंत येतील. म्हणून आधीच सांगून ठेवते. गुडघ्याच्या वर कुठेही हात न्यायचा असेल तर आधी विचारायचं. मी नाही म्हणेन. तू का म्हणून विचारशील, मी ओरडेन, माझा भाऊ मध्ये पडेल, त्याला आपण दोघी मिळून बाहेर काढू.

मग मी टेबलावर झोपते. घोरणार नाही.

तुझी नणंद